जुन्या स्पीकरमध्ये नवे भाग बसवताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

स्पीकरची पहिली जोडी दुरुस्त करायला घेतली तेव्हा मी क्रॉसओव्हरमधले, म्हणजे उंच आणि खालचे सूर वेगळे करून आपापल्या भागाकडे पाठवणाऱ्या सर्किटमधले, सगळे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढले आणि त्यांच्या जागी तेवढ्याच मूल्याचे फिल्म कपॅसिटर बसवले. सोल्डरिंग स्वच्छ झाले होते आणि मूल्ये दोनदा तपासलेली होती. तरीही स्पीकर सुरू केल्यावर झांजेचा आवाज कानाला टोचू लागला आणि गाणाऱ्याच्या प्रत्येक ‘स’ला नको तेवढी धार चढली. काढलेले कपॅसिटर सुदैवाने फेकले नव्हते. ते मीटरवर लावले तेव्हा ट्वीटरच्या, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या भागाच्या, वाटेतल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ज्याला ईएसआर म्हणतात तो, ०.९ ओहम भरला. त्याच जातीचा कोरा इलेक्ट्रोलिटिक आणून मोजला तर तो अर्ध्या ओहमच्या आसपास निघाला आणि मी हौसेने बसवलेल्या फिल्म कपॅसिटरचा रोध जवळजवळ शून्य होता. मूळ रचनाकाराने आवाज जुळवताना तो अर्धा ओहम सर्किटमध्ये होताच, आणि मी तो न कळत काढून टाकला होता. कपॅसिटरच्या मालिकेत अर्ध्या ओहमचा एक रेझिस्टर टाकला आणि आवाज जागेवर आला.

या लेखात पुढे जे सांगितले आहे ते याच अनुभवाच्या धाग्याने सांगितले आहे. नवा भाग निवडताना तो जुन्यापेक्षा सरस आहे का, हे विचारून फारसा उपयोग होत नाही. जुना भाग कोरा असताना जसा वागत होता तसा हा वागेल का, हे विचारावे लागते. काही भागांच्या बाबतीत याचे उत्तर सहज ‘होय’ येते, काहींच्या बाबतीत थोडी जुळवाजुळव करून येते आणि काही भाग असे आहेत की त्यांना हात न लावणेच बरे.

काम सुरू करण्यापूर्वी

दोन्ही स्पीकर एकदम उघडू नयेत. एक उघडावा आणि दुसरा काम संपेपर्यंत तसाच ठेवावा, म्हणजे कोणती तार कुठे होती याचा जिवंत पुरावा शेजारीच असतो आणि दुरुस्त झालेल्या स्पीकरची तुलना न दुरुस्त झालेल्याशी करता येते. उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. तारांचे रंग जुनाट पेटीत इतके मळलेले असतात की हिरवी आणि निळी तार छायाचित्रातही ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीचे शेपूट लावून त्यावर पेन्सिलीने नाव लिहावे. काढलेला प्रत्येक भाग, तो कितीही निकामी दिसला तरी, नाव घालून पिशवीत ठेवावा.

साधनांमध्ये मल्टिमीटर, कपॅसिटर व कॉइल मोजणारा एलसीआर मीटर, ४० ते ६० वॅटची सोल्डरिंग इस्त्री, दीड व्होल्टचा एक साधा सेल आणि कमी वारंवारितेचा सूर वाजवता येईल असे कोणतेही उपकरण एवढे पुरते. एलसीआर मीटर ईएसआर दाखवणारा असावा. सुरुवातीला यावर खर्च करायला जीव होत नाही, पण त्याच्याशिवाय होणारे काम हे निव्वळ अंदाजाचे काम असते.

धोक्यांविषयी चार गोष्टी सुरुवातीलाच सांगतो. जुन्या पेट्यांमध्ये काचतंतूंचा भरणा असतो आणि तो त्वचेत व श्वासात जातो, म्हणून हातमोजे व मुखपट्टी लावूनच तो हाताळावा. फार जुन्या तेलभरल्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या वर्गातील विषारी तेल असू शकते, ज्याच्या उत्पादनावर अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी आली. असा कपॅसिटर पाझरत असेल तर उघड्या हाताने त्याला स्पर्श करू नये आणि घरच्या कचऱ्यात तो टाकू नये. १९७४ मध्ये आलेल्या यामाहा एनएस-१००० सारख्या स्पीकरमधले घुमट, म्हणजे कंप पावून आवाज काढणारे पातळ फुगीर पडदे, बेरिलियम या धातूचे आहेत. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक असल्यामुळे असा घुमट फुटलेला असेल तर तो घासू, कापू किंवा जोडू नये. क्वाडच्या १९५७ च्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि तो बंद केल्यावरही काही काळ टिकतो; नवख्या माणसाने तो प्रकार या लेखाच्या भरवशावर उघडू नये.

आधी मोजावे, मग सोडवावे

प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग (खालच्या सुरांचा वूफर, मधल्या सुरांचा मिडरेंज आणि उंच सुरांचा ट्वीटर), सर्किटपासून सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध पाहावा. ८ ओहमच्या ड्रायव्हरचा रोध साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान, तर ४ ओहमच्या ड्रायव्हरचा तीन-साडेतीनच्या आसपास भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी, तुटलेली आहे किंवा तिच्याकडे जाणारी विणलेली लवचीक तार निसटली आहे. दुसरी शक्यता पुष्कळदा सोल्डरच्या एका थेंबाने मिटते.

यानंतर वूफरच्या कोनावर, म्हणजे कागदी शंकूवर, दोन्ही हातांची बोटे समोरासमोर ठेवून तो अलगद आत दाबावा आणि सोडावा. आत काही खरवडल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासत आहे. पेटी पूर्ण बंद, म्हणजे छिद्र नसलेली असेल, तर ही चाचणी पेटीचीही परीक्षा घेते: हवा कुठूनही निसटत नसेल तर कोन सावकाश, जणू कोणी मागून हात धरला आहे अशा रीतीने परत येतो, आणि गळती असेल तर तो चटकन उसळतो. गळती ड्रायव्हरच्या कडेने आहे, जोडणीच्या खुंट्यांच्या बाजूने आहे की वूफरच्या कडेच्या कापडातून आहे, हे पुढे शोधावे लागते.

सेल लावून ध्रुवता पाहणे हीदेखील आत्ताच करण्याची गोष्ट आहे. सेलचे धन टोक लाल खुंटीला क्षणभर टेकवले की बहुतेक वूफरचा कोन बाहेर येतो. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांमध्ये मात्र तो आत जातो, कारण त्या कंपनीची प्रथाच अनेक वर्षे उलटी होती. हे ठाऊक नसलेला माणूस तारा ‘दुरुस्त’ करतो आणि मग मंद्र आवाज कुठे हरवला म्हणून शोधत बसतो. सर्व निरीक्षणे वहीत लिहून ठेवावीत.

कपॅसिटर

बदलण्याजोग्या भागांत कपॅसिटरचा नंबर पहिला लागतो. क्रॉसओव्हरमधले ध्रुवताहीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतल्या ओलसर द्रावणावर अवलंबून असतात. वर्षानुवर्षांत ते द्रावण सुकते, ईएसआर वाढतो आणि मूल्य सरकते. मूल्य सरकल्याचा परिणाम किती होतो हे एका साध्या उदाहरणात पाहता येते. ८ ओहमच्या ट्वीटरसमोर ४ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल तर विभाजनाची वारंवारिता, म्हणजे जिथून वरचे सूर ट्वीटरकडे जातात ती, सुमारे ५,००० हर्ट्झ येते. तोच कपॅसिटर सरकून ५.६ मायक्रोफॅरड झाला तर ती ३,५५० हर्ट्झपर्यंत खाली उतरते आणि ट्वीटरला जे सूर कधीच झेलायचे नव्हते ते झेलावे लागतात.

मोजताना कपॅसिटरचा किमान एक पाय सर्किटमधून सोडवलेला असावा, नाहीतर मीटर शेजारच्या कॉइलचे आणि रेझिस्टरचेही माप त्यात मिसळतो. जुन्या कपॅसिटरच्या बाबतीत एक फसवी गोष्ट अशी की आतून गळती असलेला कपॅसिटर पुष्कळ मीटरांवर छापील मूल्यापेक्षा जास्त भरतो. म्हणून ‘४ ऐवजी ५ दाखवतो आहे, म्हणजे ५ चा बसवतो’ असे कधीही करू नये. नवा कपॅसिटर छापील मूल्याचाच घ्यावा, आणि छपाई पुसली गेली असेल तर मूळ सर्किटचा आराखडा मिळवावा.

फिल्म घ्यावा की पुन्हा इलेक्ट्रोलिटिकच घ्यावा, या प्रश्नावर हौशी मंडळींमध्ये पुष्कळ वाद होतात. माझा नियम असा आहे. मूळ कपॅसिटर फिल्म किंवा कागदाचा असेल तर फिल्म घ्यावा. मूळ इलेक्ट्रोलिटिक असेल आणि मूल्य दहा-बारा मायक्रोफॅरडच्या आत असेल, तर फिल्म घेण्यास हरकत नाही. तो पुन्हा सुकणार नाही हा त्याचा खरा फायदा आहे. पण मग कोऱ्या इलेक्ट्रोलिटिकच्या ईएसआरएवढा रेझिस्टर त्याच्या मालिकेत घालावा. ८ ओहमच्या ट्वीटरसमोर अर्धा ओहम म्हणजे सुमारे अर्धा डेसिबल आणि एक ओहम म्हणजे सुमारे एक डेसिबल इतका फरक पडतो. आकडा लहान वाटतो. परंतु ट्वीटरचा संपूर्ण पट्टा अर्ध्या डेसिबलने वर गेला तर संवेदनशील कानाला तो स्पीकर ‘वेगळा’ वाटतो, आणि एका डेसिबलने गेला तर कोणालाही वाटतो.

मूल्य मोठे असेल तर नवा ध्रुवताहीन इलेक्ट्रोलिटिकच घ्यावा. अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-३ए १९६७ मध्ये आला; त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. १५० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मुठीएवढा किंवा त्याहून मोठा होतो, मूळ जागेत बसत नाही, आणि वूफरच्या वाटेत त्याच्या सद्गुणांचा उपयोगही फारसा होत नाही. तिथे चांगल्या प्रतीचा इलेक्ट्रोलिटिक पुढची वीस-तीस वर्षे निभावून नेतो.

नेमके मूल्य बाजारात मिळत नसेल तर दोन कपॅसिटर समांतर जोडावेत. त्यांची बेरीज होते, म्हणजे ४७ आणि ३.३ मिळून ५०.३ होतात. व्होल्टेज मूळ आकड्याएवढे किंवा जास्त असावे. १०० व्होल्ट घरगुती वापरासाठी भरपूर झाले. ध्रुवता असलेला, म्हणजे एका बाजूला ऋण चिन्ह छापलेला साधा कपॅसिटर स्पीकरमध्ये एकटा कधीही लावू नये. डावा आणि उजवा यांच्यातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. थोडे जास्त नग आणून त्यांतून जोड्या लावल्या की हे सहज जमते. छापील मूल्याला दोन्ही स्पीकर जितके चिकटून असावेत, त्यापेक्षा एकमेकांशी जुळलेले असणे कानाला जास्त महत्त्वाचे आहे.

सोल्डर करताना जुने सोल्डर आधी वितळवून काढावे, तारेचे टोक चकचकीत होईपर्यंत खरवडावे आणि मगच नवे लावावे. नवा कपॅसिटर पाटीवर तारेच्या भरवशावर लटकत ठेवू नये. प्लास्टिकच्या पट्ट्याने तो बांधावा, कारण पेटीच्या आत सतत कंपने असतात आणि लटकणारा भाग काही महिन्यांत स्वतःचाच पाय तोडतो.

रेझिस्टर, कॉइल आणि तारा

सिमेंटच्या आवरणातले तारगुंडाळीचे रेझिस्टर सहसा चाळीस-पन्नास वर्षे मूल्य टिकवून धरतात. मोजावेत, पाच टक्क्यांच्या आत असतील तर तसेच ठेवावेत, नाहीतर त्याच मूल्याचा किमान १० वॅटचा नवा बसवावा.

कॉइल म्हणजे तांब्याची तार, आणि तांबे जुने होत नाही. तरीही लोखंडी गाभ्याची कॉइल काढून हवेच्या गाभ्याची ‘उच्च दर्जाची’ कॉइल बसवण्याचा मोह अनेकांना होतो. लोखंडी गाभा असला की थोड्या तारेत हवे ते मूल्य मिळते, त्यामुळे तिचा रोध कमी असतो. हवेच्या गाभ्याला तेवढ्याच मूल्यासाठी जास्त वेढे लागतात आणि रोध वाढतो. वूफरच्या वाटेतला ०.३ ओहम ०.८ ओहम झाला की वूफरवरचा ॲम्प्लिफायरचा ताबा सैल पडतो आणि मंद्र पट्ट्यात फुगवटा येतो. कॉइल जळलेली किंवा तुटलेली नसेल तर तिला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या कपॅसिटरांसाठी जागा करताना कॉइल हलवावी लागली तर दोन कॉइलींचे आस एकमेकांशी काटकोनात राहतील आणि त्यांच्यातले अंतर कमी होणार नाही, एवढी काळजी घ्यावी. अन्यथा एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते.

आतल्या तारांविषयी जेवढे बोलले जाते तेवढा परिणाम त्यांचा होत नाही. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. पेटीच्या आतली येण्याजाण्याची मिळून दोन मीटर तार धरली तरी तो ०.०५ ओहमच्या आतच राहतो. आवरण तडकले असेल किंवा तांबे हिरवे-काळे पडले असेल तरच तार बदलावी.

आवाज कमीजास्त करण्याची बटणे

साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या अनेक स्पीकरच्या मागे मिडरेंज आणि ट्वीटरची पातळी ठरवणारी फिरती बटणे असतात, आणि ‘ट्वीटर गेला’ म्हणून टाकून दिलेल्या कित्येक स्पीकरमध्ये ट्वीटर शाबूत आणि बटण गंजलेले असते. बटण फिरवताना आवाज खरखरत येत-जात असेल तर दोष इथेच शोधावा. बटण उघडून तारगुंडाळी आणि तिच्यावर फिरणारा संपर्काचा चाप संपर्क-स्वच्छकाने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करावा, हिरवा-पांढरा थर पूर्ण निघेपर्यंत घासावा आणि शंभरएक वेळा फिरवावा. चापाचा धातू खाऊन गेला नसेल तर एवढ्याने काम भागते आणि मूळ भाग जागेवर राहतो.

तो भाग वाचण्यापलीकडे गेला असेल तर त्याच्या जागी सर्रास ‘एल-पॅड’, म्हणजे दोन जोडलेल्या रोधांचे पातळी कमी-जास्त करणारे नवे बटण, बसवतात. हा बदल सरळ वाटतो, पण तसा नाही. ८ ओहमचा एल-पॅड बटण कुठेही फिरवले तरी क्रॉसओव्हरला सुमारे ८ ओहमच दाखवतो. जुने तारगुंडाळीचे बटण मात्र त्याच्या स्थितीनुसार वेगवेगळा भार दाखवत असे आणि मूळ सर्किटची गणिते त्या भारावर बेतलेली असत. म्हणून एल-पॅड लावण्यापूर्वी शाबूत बटण असलेल्या दुसऱ्या स्पीकरचा रोध नेहमीच्या स्थितीत मोजून घ्यावा आणि नव्या जोडणीचा तेवढाच येतो का ते पाहावे; फरक असेल तर एल-पॅडला समांतर एक रेझिस्टर घालून तो मिटवता येतो. ज्यांना बटण पुन्हा फिरवायचेच नाही त्यांनी आवडलेल्या स्थितीचे दोन्ही बाजूंचे रोध मोजून त्या जागी दोन स्थिर रेझिस्टर बसवले तरी चालतात.

वूफरची कड

कोनाला चौकटीशी जोडणारी अर्धगोल कड हा जुन्या स्पीकरचा सर्वांत नाजूक भाग. ती फोमची असेल तर पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आणि प्रकाशाने दहा-वीस वर्षांत कुजते; बोट लावले की ओल्या बिस्किटासारखे तुकडे पडतात आणि बोटाला काळपट चिकट भुकटी लागते. ती रबराची असेल तर बहुधा अजून चांगली असते. कापडाची असेल तर कापड शाबूत, पण त्यावरचा हवा अडवणारा चिकट लेप वाळलेला, अशी स्थिती सापडते. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि इथेच नवखे सर्वाधिक चुका करतात.

फोमच्या जागी फोमच लावावा. टिकाऊ म्हणून रबर लावले तर हलणारे वजन वाढते, कडेचा ताठपणा बदलतो आणि त्याबरोबर वूफरची नैसर्गिक अनुनाद वारंवारिताही, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप सर्वांत जोराने डोलतो तीही, बदलते; पेटीचा आकार तर मूळ वारंवारितेसाठी ठरवलेला असतो. वूफर आणि पेटी यांचे हे नाते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गणितात मांडले, आणि आजही ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात त्या दोघांच्या नावाची मापे छापलेली असतात. कापडी कड फाटलेली नसेल तर ती काढून फोम लावणे हा शुद्ध अपराध आहे. तिथे फक्त लवचीक राहणाऱ्या लेपाचा एक पातळ हात पुरतो. लेप जाड झाला तर कड ताठरते, म्हणून एक हात देऊन दोन दिवस थांबावे, दाबून सोडण्याची चाचणी घ्यावी आणि गरज भासली तरच दुसरा हात द्यावा.

नवी फोमची कड निवडताना वूफरचा छापील इंचांतला आकार उपयोगी पडत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, चौकटीवर चिकटण्याच्या पट्टीचा आतला व बाहेरचा व्यास आणि अर्धगोलाची रुंदी अशी मापे घ्यावीत. जुनी कड कोनाच्या वरून चिकटवली होती की खालून, तेही पाहावे.

जुना फोम आणि गोंद काढायला संयम लागतो. चौकटीवरचा गोंद बोथट पात्याने खरवडावा. कोनावरचा मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ करून बोटाने चोळत काढावा. कागदी कोन फार भिजला तर लाटा धरतो, म्हणून एका वेळी चार बोटे रुंदीचाच भाग घ्यावा. पहिल्या कोनाला मला जवळजवळ दोन तास लागले होते. घाईने काम करणाऱ्याच्या हातात कागदाचे पापुद्रे येतात.

चिकटवण्याचा क्रम असा. आधी कडेचा आतला काठ कोनाला चिकटवावा. त्यासाठी पाण्यात विरघळणारा आणि वाळल्यावर पारदर्शक व किंचित लवचीक राहणारा पांढरा गोंद वापरावा. झटकन चिकटणाऱ्या गोंदात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. पूर्ण दिवस वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी बाहेरचा काठ चौकटीला लावायचा, आणि व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत नेमकी मध्यभागी येते की नाही हे इथेच ठरते. मध्यभाग साधण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कोनाच्या मधली टोपी पात्याने कापून काढतात आणि व्हॉइस कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्यात चारही बाजूंनी सारख्या जाडीच्या कागदी पट्ट्या खोचतात. गोंद वाळला की पट्ट्या काढून तीच टोपी परत चिकटवतात. दुसरीत टोपीला हात न लावता ओल्या गोंदावर कड ठेवून वूफरला २० ते ३० हर्ट्झचा सूर अगदी कमी आवाजात देतात आणि खरखर नाहीशी होईपर्यंत कड बोटाने किंचित इकडेतिकडे सरकवतात. मी दुसरी रीत वापरतो, कारण टोपीचे वजन आणि आकार मध्यम पट्ट्याच्या आवाजात भाग घेतात आणि ती जितकी अस्पर्श राहील तितके चांगले. पहिल्या रीतीत मात्र नवख्याला भरवसा जास्त मिळतो, हे कबूल केले पाहिजे.

एकदा मी सूर ऐकून समाधानी झालो, कड दाबून ठेवली आणि उठलो. सकाळी वूफर एका बाजूने घासत होता. गोंद वाळताना फोम दोन मिलिमीटर ओढला गेला होता. तेव्हापासून पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी कोन अलगद दाबून कान लावतो आणि कडेवर कपडे वाळत घालण्याचे चिमटे गोलाकार लावून ठेवतो.

वूफर परत बसवताना तो मूळ स्थितीच्या अर्धा फेरा फिरवून बसवावा. वर्षानुवर्षे उभे राहून कोन स्वतःच्या वजनाने थोडा खाली झुकलेला असतो. फिरवल्याने तो झोक उलट दिशेने काम करू लागतो.

ट्वीटर

ट्वीटर मंद वाजत असेल आणि त्याचा रोध बरोबर असेल तर फटीतला फेरोफ्लुइड सुकला असण्याची शक्यता तपासावी. हा लोहकणांचा तेलकट द्रव नासामध्ये स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये तयार केला आणि सत्तरच्या दशकापासून तो ट्वीटरमध्ये थंडाव्यासाठी व कंपने आवरण्यासाठी येऊ लागला. काही दशकांत तो काकवीसारखा घट्ट होतो आणि घुमटाला जागच्या जागी धरून ठेवतो. घुमट चौकटीसह उचलून घेतल्यावर फटीत जाड शोषक कागदाच्या पट्ट्या फिरवून जुना द्रव टिपावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेली पट्टी फिरवावी आणि कागद कोरा निघेपर्यंत हेच करत राहावे. मग निर्मात्याने सांगितलेल्या घट्टपणाचा आणि तेवढ्याच प्रमाणातला नवा द्रव सोडावा. ज्या ट्वीटरमध्ये मुळात हा द्रव नव्हता त्यात तो घालू नये. त्याने अनुनादाचा शेंडा दबतो आणि क्रॉसओव्हर त्या शेंड्यासह बेतलेला असतो. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घुमटाजवळ कधीही नेऊ नये. चुंबक तो हातातून खेचतो, आणि पुढे काय होते ते पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

ट्वीटर खरोखर जळालेला असेल तर पहिला शोध त्याच मॉडेलच्या जुन्या नगाचा किंवा सुट्या घुमटाचा घ्यावा. तो मिळालाच नाही तर आधुनिक ट्वीटर निवडताना त्याचा रोध, संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर तो किती जोरात वाजतो ते), अनुनाद वारंवारिता आणि चौकटीचा व्यास या चारही गोष्टी पाहाव्यात. आधुनिक ट्वीटर बहुधा जास्त संवेदनशील असतो. समजा जुना ८९ आणि नवा ९२ डेसिबलचा आहे. तर ३ डेसिबल उतरवण्यासाठी ८ ओहमच्या ट्वीटरच्या मालिकेत सुमारे २.३ ओहम आणि ट्वीटरला समांतर सुमारे १९ ओहम घालावे लागतात, म्हणजे क्रॉसओव्हरला पूर्वीसारखेच ८ ओहम दिसतात. समांतर रेझिस्टर ट्वीटरच्या टोकांवर लावायचा, मालिकेतला त्याच्या आधी. नव्या ट्वीटरचा अनुनाद विभाजनाच्या वारंवारितेच्या निम्म्याहून वर असेल तर तो घेऊ नये. आणि बदलायचाच तर दोन्ही पेट्यांमधला बदलावा. एका कानाला जुना आणि दुसऱ्याला नवा ट्वीटर ऐकवला की गाणारा माणूस मध्यभागी उभा राहत नाही.

चुंबकाला हात लावू नये. जुने ड्रायव्हर पुष्कळदा ॲल्निको, म्हणजे कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या, चुंबकाचे असतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कोबाल्ट महागल्यावर कंपन्या फेराइटकडे वळल्या. ॲल्निकोचा चुंबक त्याच्या लोखंडी घडणीतून सुटा केला की त्याची शक्ती काही प्रमाणात कायमची कमी होते आणि ती परत आणायला खास यंत्र लागते.

पेटी बंद करताना

पेटीतला भरणा काढताना त्याचे वजन करून ठेवावे. तंतू हवेतली उष्णता शोषतात आणि त्यामुळे बंद पेटी प्रत्यक्षापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते. भरण्याचा प्रकार आणि वजन बदलले की वूफरचा मंद्र आवाज बदलतो. काचतंतूंचा भरणा कोरडा आणि स्वच्छ असेल तर तोच परत घालावा. त्याच्या जागी उशीतले पॉलिस्टर घालायचे झाले तर तेवढेच वजन म्हणजे तोच परिणाम नव्हे, हे लक्षात ठेवून थोडे कमी घालून सुरुवात करावी आणि ऐकत ऐकत वाढवावे.

ड्रायव्हरच्या चौकटीखाली बसवलेली जुनी लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, वाळून भुगा झालेली असते. ती खरवडून काढावी आणि बंद पेशींच्या फोमची पातळ पट्टी लावावी. उघड्या पेशींचा मऊ फोम हवा जाऊ देतो, म्हणून तो इथे निरुपयोगी आहे. मागच्या स्प्रिंगच्या खुंट्या काढून आधुनिक मळसुत्री खुंट्या बसवण्याने आवाजावर परिणाम होत नाही, पण जोडणी घट्ट होते, आणि हा बदल मी निःसंकोच करतो. अट एवढीच की भोक मोठे झाले असेल तर ते पट्टीने व लांबीने हवाबंद करावे. पुढचे कापड बदलताना ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. श्वास सहज पलीकडे गेला तर कापड चालेल.

चौकटीचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. जुन्या भुशाच्या फळीत स्क्रूचे भोक सैल झाले असेल तर त्यात पांढऱ्या गोंदात बुडवलेली लाकडी काडी ठोकून वाळू द्यावी आणि मग स्क्रू फिरवावा. बंद पेटी असेल तर दाबून सोडण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. मग दुरुस्त झालेला आणि न उघडलेला असे दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून, ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवून आणि तोच ओळखीचा मानवी आवाज लावून आलटून पालटून ऐकावेत. दुसरा स्पीकर सुकलेल्या कपॅसिटरमुळे काहीसा मंद वाटणारच. परंतु दुरुस्त झालेला टोचत असेल, किंवा खर्जात घुमत असेल, तर मागे जाऊन ईएसआर आणि भरणा पुन्हा पाहावा. पहिला स्पीकर असा मनासारखा झाल्यावरच दुसरा उघडावा.

शेवटचे ड्रायव्हर बसवण्यापूर्वी एका कागदावर तारीख, बदललेल्या प्रत्येक भागाचे जुने आणि नवे मूल्य आणि मालिकेत घातलेल्या रेझिस्टरांची नोंद लिहून तो कागद काढलेल्या भागांच्या पिशवीसह पेटीच्या आत, भरण्याच्या मागे, खडखडणार नाही अशा रीतीने भिंतीला चिकटवून ठेवावा.